धुक्यापासून धबधब्यापर्यंत: विंडहूक ते व्हिक्टोरिया फॉल्स, 21 दिवस

नामिबियाच्या किनाऱ्यावर वर्षाला 20 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तिथून पूर्वेला निघालं की तीन आठवड्यांत आपण झांबेझीच्या काठावर पोहोचतो आणि तिथे नदी 1,708 मीटर रुंदीच्या कड्यावरून खाली कोसळत असते. ही सफर याच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे करावी. जुलै-ऑगस्टमध्ये केली तर मुक्कामागणिक पाणी वाढत जातं: आधी धुकं, मग पाणवठे, मग ओकाव्हांगोचा पूर, शेवटी धबधबा. उलट दिशेच्या सहलीही मिळतात, पण धबधबा आणि हत्तींचे कळप बघून झाल्यावर वाळवंटातल्या मुंगीएवढ्या भुंग्याकडे लक्ष जाणं कठीण.

दिवस 1 आणि 2: विंडहूक

विमानतळ शहरापासून साधारण 45 किलोमीटर लांब आहे. शहर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरहून उंचावर असल्यामुळे जुलैमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दुपारी ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी असते. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचं मोल एकच आहे. रँड इथे सर्रास चालतो, पण नामिबियन डॉलर देशाबाहेर कोणी घेत नाही, म्हणून उरलेले सीमेआधी खर्च करावेत. घरात गीझरला लावतो तो तीन जाड पिनांचा प्लग इथल्या बहुतेक सॉकेटमध्ये बसतो. त्यामुळे महागडा अ‍ॅडॉप्टर घेण्याऐवजी भारतातूनच जाड पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा, चौघांचं चार्जिंग एकदम होतं.

कातुतुरा या वस्तीला जायलाच हवं. 1959 मध्ये गोऱ्या सत्तेने शहरातल्या जुन्या वस्तीतून कृष्णवर्णीयांना हलवायला घेतलं, विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि लोकांना इथे आणून टाकलं. हेरेरो भाषेतल्या या नावाचा अर्थच 'जिथे आम्हाला राहायचं नाही ती जागा' असा सांगतात. इथल्या सिंगल क्वार्टर्सच्या बाजारात गोमांसाच्या पट्ट्या निखाऱ्यांवर भाजून, मीठ-तिखटाच्या मिश्रणात बुडवून उभ्याउभ्या खातात. त्याला 'कपाना' म्हणतात. शाकाहारी मंडळींसाठी शेजारच्या टोपलीत मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे असतात. नाव 'फेटकूक', चव आपल्या मंगलोरी बनच्या जवळची, फक्त केळ्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी, ज्यातून पुढची सफर होते त्या ट्रकची ओळख. हा साध्या मालट्रकच्या चासीवर बांधलेला असतो. वर साधारण 20 आसनं, खाली कुलपाचे कप्पे, त्यांत तंबू, गॅसच्या शेगड्या आणि पाण्याची टाकी. कप्प्यात टणक सूटकेस मावत नाही, मऊ पिशवीच न्यावी. तंबू जाड कॅनव्हासचा असतो आणि दोघांनी मिळून उभारायचा असतो. आधी खालची दगडं वेचायची, तळ पसरायचा, दांड्या जोडून कमान करायची, तंबू आकड्यांनी तिला अडकवायचा आणि शेवटी खुंट्या. वारा असेल तर खुंट्यांआधीच चार कोपऱ्यांत सामानाच्या पिशव्या ठेवायच्या, नाहीतर तंबू पतंगासारखा जातो. चेन कायम पूर्ण लावायची, दिवसासुद्धा, कारण विंचू आणि माकडं दोघांनाही अर्धी उघडी चेन पुरते. चपला-बूट रात्री आत घ्यायचे. इथले कोल्हे कातड्याचे बूट पळवतात, हा सेसरीम आणि इटोशाच्या तळांवरचा नेहमीचा अनुभव आहे.

दिवस 3 आणि 4: सेसरीम, सोसुसव्लेई, डेडव्लेई

डांबरी रस्ता लवकरच संपतो. पुढचा खडीचा रस्ता सपाट दिसतो, पण त्यावर पत्र्यासारख्या बारीक लाटा पडलेल्या असतात. वेगाने गेलं तर थरथर कमी वाटते आणि तिथेच फसगत होते: चाकं जमिनीला जेमतेम टेकत असतात, वळणावर गाडी सुटते. खडीवर ताशी 80 च्या वर जाऊ नये. टायरचं बरचसं नुकसान धारदार दगडांनी बाजूची भिंत कापल्यामुळे होतं, म्हणून जाणते चालक खडीवर हवा थोडी उतरवतात. मागच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, कारण ट्रक स्वतःचीच धूळ आत ओढतो. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, तीही गाठ मारून.

सेसरीम म्हणजे सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्यांचं प्रवेशद्वार. इथे फाटकाच्या आतला तळ मिळाला तर पाहिजे ते पैसे मोजावेत. आतल्यांसाठी फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं, बाहेरच्यांसाठी सूर्योदयाला. वाळूच्या टेकड्यांच्या एका अंगावर ऊन आणि दुसऱ्यावर काळी सावली हे दृश्य पहिल्या तासाभराचंच. पुढे सोसुसव्लेईकडे 60 किलोमीटर डांबरी रस्ता आहे. 45 व्या किलोमीटरवरची टेकडी ती 'ड्यून 45'. शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू असल्यामुळे ट्रक थांबतो आणि फोर-बाय-फोरची फेरी गाडी घ्यावी लागते. टेकडी चढताना कण्यावरून, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत जायचं, म्हणजे वाळू निम्मीच सरकते. खाली मात्र उतारावरून सरळ उड्या मारत यावं.

डेडव्लेई या सुकलेल्या तळ्याला गाडीतळापासून किलोमीटरभर चालत जावं लागतं. त्सौचाब नदी पूर्वी इथवर यायची. टेकड्यांनी तिची वाट अडवली, पाणी तुटलं आणि बाभळीच्या कुळातली कॅमलथॉर्नची झाडं जागच्या जागी मेली. याला 600-700 वर्षं झाली. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलं नाही, उन्हाने नुसतं काळं पडलं. पांढरी चिकणमाती, काळे बुंधे, मागे लोखंडाच्या गंजाने लाल झालेली वाळू. ही वाळू ऑरेंज नदीने समुद्रात नेलेली, प्रवाहाने उत्तरेला ढकललेली आणि वाऱ्याने परत जमिनीवर आणलेली आहे. जसजशी ती किनाऱ्यापासून आत सरकते तसतशी जास्त लाल होत जाते. झाडांना हात लावू नये, त्यांवर चढू नये. हे दरवेळी सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

दर माणशी दोन लिटर पाणी सोबत हवंच. पहाटे हातमोजे लागतात आणि दहा वाजता टोपी. रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास येतो, म्हणून झोपायची पिशवी शून्य अंशांना चालेल अशी घ्यावी. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी ठेवली की झोप लागते.

दिवस 5 ते 7: धुक्याचा किनारा

सॉलिटेअर हे पेट्रोलपंप, बेकरी आणि गंजलेल्या जुन्या मोटारी एवढंच गाव. इथला सफरचंदाचा पाय प्रसिद्ध आहे आणि तो खाण्यासारखा आहे. पुढे मकरवृत्ताची पाटी आणि कुइसेब नदीची खिंड. मग अचानक समोर राखाडी भिंत उभी राहते आणि तापमान धाडकन उतरतं. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्याला घासून वाहतो, त्यावरच्या हवेचं धुकं होतं आणि वारा ते वाळवंटात कित्येक किलोमीटर आत नेतो. पाऊस नसलेल्या या मुलखाचं पाणी ते हेच.

हे पाणी कसं वापरलं जातं ते बघायला स्वाकोपमुंडहून माहीतगार वाटाड्याबरोबर अर्धा दिवस टेकड्यांत जावं. इथला एक काळा भुंगा पहाटे टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि घरंगळत तोंडात येतात. वाटाड्या वाळूवरच्या टाचणीएवढ्या खुणा वाचतो आणि उकरून पारदर्शक कातडीचा गेको, म्हणजे एक प्रकारची पाल, हातावर ठेवतो. दोन मिनिटांत तो परत वाळूत सोडतो, कारण ऊन त्याला सोसत नाही. शहराच्या पूर्वेला खडकाळ माळावर वेल्विट्शिया दिसते. आयुष्यभर दोनच पानं, ती बुंध्याशी वाढत राहतात आणि टोकाशी फाटत जातात. काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. त्यांच्या भोवतालच्या जमिनीवरही पाय देऊ नये, मुळं वरवर पसरलेली असतात.

वॉल्व्हिस बेच्या खाजणात रोहित पक्ष्यांचे थवे असतात. भरतीच्या वेळा विचारून जावं. भरती चढत असताना ते काठाजवळ येतात.

स्वाकोपमुंड 1892 मध्ये जर्मनांनी वसवलं. इमारती, बेकऱ्या सगळं जर्मन आहे. त्या सुबक रस्त्यांच्या टोकाला, दफनभूमीच्या कडेला, वाळूचे नुसते उंचवटे आहेत, ना नाव ना दगड. 1904 ते 1908 मध्ये जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, छावण्यांत डांबून मारलं. जर्मनीने 2021 मध्ये याला वंशसंहार म्हटलं. कॉफी प्यायच्या आधी तिथे जाऊन यावं.

उत्तरेला 120 किलोमीटरवर केप क्रॉस. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगु कांव याने 1486 मध्ये इथे दगडी क्रूस उभारला. पुढे बारा वर्षांत वास्को द गामा कालिकतला आणि 1510 मध्ये पोर्तुगीज गोव्यात. त्या वाटेवरचा हा मैलाचा दगड. आता इथे सीलची प्रचंड वसाहत आहे आणि तिचा वास कपड्यांत दोन दिवस राहतो. जुनं जाकीट घालून जा.

दिवस 8 आणि 9: स्पिट्झकोपे, ट्वायफेलफाँटेन

स्पिट्झकोपे म्हणजे 1,728 मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा सुळका. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांची सवय असते. इथे खडक गोलाईचा आणि खरखरीत, बूट छान धरतो, पण चढ अवघड नसला तरी उतरताना घसरगुंडी होते. ट्वायफेलफाँटेनला वाळूच्या दगडावर दोन हजारांहून अधिक कोरीव चित्रं आहेत, 2007 पासून जागतिक वारसा. दुपारच्या उभ्या उन्हात ती दिसतच नाहीत, सकाळी किंवा चारनंतर जावं.

इथले स्थानिक मार्गदर्शक दामारा समाजाचे आहेत आणि त्यांच्या भाषेत जिभेचे टक्कार व्यंजनं म्हणून येतात. मराठी माणसाला त्यातले दोन आधीच येतात: हळहळताना करतो तो 'च्च' आणि बैलाला हाकताना गालातून काढतो तो आवाज. फक्त ते शब्दाच्या मध्ये, न थांबता काढायचे. दोन दिवस सराव केला की 'नमस्कार' जमतो आणि समोरचा माणूस मनापासून खूश होतो.

दिवस 10 ते 12: इटोशा

इटोशाच्या मधोमध सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचं पांढरं, कोरडं खारट तळं आहे. पावसाळा चांगला झाला तर त्यात वीतभर पाणी साचतं. हिवाळ्यात प्राण्यांना दक्षिण काठावरच्या झऱ्यांशिवाय पर्याय नसतो आणि म्हणूनच इथे प्राणी शोधत फिरायचं नाही. एका पाणवठ्यावर गाडी उभी करून, इंजिन बंद करून, दोन तास बसायचं. पहिल्या वीस मिनिटांत कंटाळून निघणाऱ्या गाड्या दिवसभर धूळच बघतात.

बसलं की क्रम कळायला लागतो. स्प्रिंगबॉक हरणं आणि झेब्रे लांबूनच थांबून वास घेतात. ओरिक्स (लांब शिंगांचं मोठं हरीण) येतो, त्याला दिवसेंदिवस पाण्यावाचून चालतं. उन्हात तो शरीराचं तापमान चढू देतो, मात्र मेंदूकडे जाणारं रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात, नाकातून गार होऊन आलेल्या रक्तामुळे थंड होतं. जिराफ सर्वांत भित्रा: पुढचे पाय फाकवून वाकलं की पळता येत नाही हे त्याला माहीत असतं. हत्ती आले की बाकी सगळे सरकतात. चुनखडीच्या धुळीने ते पांढरेफटक झालेले असतात. सगळे प्राणी एकाच दिशेला बघत ताठ उभे असतील आणि पाण्यापर्यंत कोणीच जात नसेल, तर गवतात सिंह आहे असं समजावं.

ओकाउकुएजोच्या तळाला लागून रात्री दिवे लावलेला पाणवठा आहे. नऊनंतर जाड जाकीट, पांघरूण घेऊन बसावं. काळा गेंडा येतो. त्याचा वरचा ओठ चोचीसारखा असतो, कारण तो गवत नव्हे, झुडपं खातो. त्याच्या पावलांचा आवाज येत नाही, श्वासाचा येतो. बोलू नये, फ्लॅश कधीच नाही. तिन्ही रात्री एकाच तळावर न काढता एक तरी पूर्वेला हालाली किंवा नामुतोनीला काढावी. रानरेडे आणि पाणघोडे इटोशात नाहीत, ते पुढे भेटतात. फाटकं सूर्यास्ताला बंद होतात, वेगमर्यादा ताशी 60, गाडीतून उतरायचं नाही.

भोवती मोपाने झाडांचं रान आहे. पान हुबेहूब आपट्याच्या पानासारखं. उन्हात ती दोन पाळी मिटून कडेने सूर्याकडे वळतात, म्हणून दुपारी मोपानेखाली सावली मिळत नाही. जेवणाचा थांबा दुसऱ्या झाडाखाली घ्यावा.

दिवस 13: लाल रेषेपलीकडे

ग्रूटफाँटेनजवळ होबा उल्का, अंदाजे 60 टनांचा लोखंडाचा तुकडा, अजून पडला तिथेच. त्यानंतर गुरांच्या रोगांसाठी घातलेलं कुंपण येतं, त्याला सगळे 'लाल रेषा' म्हणतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चं मांस नेता येत नाही. कुंपण ओलांडलं की मोठ्या शेतमळ्यांचा देश संपतो आणि रस्त्याच्या कडेला कुडाची घरं, गुरं, शाळेतून येणारी पोरं, डोक्यावर हंडे. रुंडूला ओकाव्हांगो नदीचं पहिलं दर्शन, पलीकडचा काठ अंगोलाचा.

इथलं रोजचं धान्य 'महांगू' म्हणजे आपली बाजरी. भाकरी करत नाहीत. उखळात कांडून पिठाची घट्ट उकड करतात, हाताने गोळा मोडून पालेभाजीशी खातात. बाजरी आणि ज्वारी दोन्ही मूळ आफ्रिकेतली, आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी आलेली. आपण इथे पाहुणे म्हणून खातो ते बाजरीच्या माहेरचं अन्न आहे. शाकाहारी असल्याचं स्वयंपाक करणाऱ्याला पहिल्याच दिवशी, 'मासे आणि चिकनही नाही' असं स्पष्ट सांगावं. 'पाप' नावाची मक्याच्या पिठाची घट्ट उकड, चाकालाका नावाची तिखट भाजी, लाल भोपळा, राजमा यांवर आरामात निभतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट सीलबंद पाकिटात न्यावं. तूप आणि दुधाचे पदार्थ नकोत, बोट्स्वानाच्या सीमेवर अडतात.

दिवस 14 ते 17: ओकाव्हांगो

मोहेम्बोला बोट्स्वानाच्या सीमेवर मांस, दूध काढून घेतात आणि बुटांचे तळवे औषधी पाण्यात बुडवायला लावतात. पिशवीतले दुसरे बूटही विचारतात, वर ठेवावेत. मुलं बरोबर असतील तर जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत हवी. चलन पुला, या शब्दाचा अर्थ पाऊस. अभिवादन 'दुमेला म्मा' किंवा 'दुमेला रा', म्हणजे नुसता नमस्कार नाही, ताई-दादा जोडूनच. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, पण कोरडं. पैसे उजव्या हाताने, डावा हात कोपराला टेकवून द्यावेत.

अंगोलाच्या डोंगरांत तिथल्या उन्हाळ्यात पडलेला पाऊस इथे यायला महिने लागतात. उत्तरेला शाकावेजवळ पूर साधारण एप्रिलमध्ये आणि दक्षिणेला माऊनजवळ जून-जुलैमध्ये चढतो, म्हणजे ऐन कोरड्या हिवाळ्यात, आभाळात ढग नसताना. जमिनीला उतार जवळपास नाही, म्हणून पाणी चालत्या माणसापेक्षाही हळू सरकतं. माऊनपाशी भूकवचातल्या भेगेमुळे ते बांध घातल्यासारखं अडतं. समुद्राला ते कधीच मिळत नाही, बहुतेक सगळं हवेत जातं. एवढं बाष्पीभवन होऊनही पाणी गोडं कसं? बेटांवरची झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि क्षार बेटाच्या मध्यभागी जमिनीत साठत जातात. म्हणून बेटांच्या कडेला गर्द झाडी आणि मध्ये टक्कल. कित्येक बेटांची सुरुवात वारुळापासून झालेली असते.

मोकोरो म्हणजे अरुंद, सपाट तळाची होडी. पूर्वी एका खोडातून कोरत, आता झाडं वाचवण्यासाठी फायबरची. दोन प्रवासी पुढे, नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ढकलतो. तीन दिवसांचं सामान एका छोट्या पिशवीत, तीही पाणी न शिरणारी. बसताना मध्यावर पाय ठेवायचा, पाठ टेकून बसायचं, वळायचं नाही, हात काठाबाहेर नाही. पहिली पंधरा मिनिटं होडी उलटणार असं वाटतं. उलटत नाही, आपण ताठरलो तरच डुगडुगते. नावाडी मुख्य खोल प्रवाह टाळून उथळ, कमळांच्या वाटेने नेतात, कारण खोल पाण्यात पाणघोडे असतात. एके ठिकाणी नावाड्याने काठी पाण्यात रोवून होडी थांबवली आणि दहा मिनिटं नुसता ऐकत राहिला. मग वाट बदलली. असं झालं की प्रश्न नंतर विचारावेत.

नजर गवताच्या उंचीवर असते. लव्हाळ्याच्या काडीवर नखाएवढा रंगीत बेडूक, पानांवरून चालणारे कमळपक्षी, निळा खंड्या, लांबवर पाण्यात उड्या मारत पळणारी लेच्वे हरणं. संध्याकाळी बेडकांचा आवाज असा चढतो की जणू काचेच्या हजार घंट्या वाजतात.

बेटावरच्या तळाला कुंपण नसतं. शौचासाठी खड्डा, बाजूला फावडं. फावडं जागेवर नसेल तर आत कोणीतरी आहे. अंधार पडल्यावर तंबूबाहेर येण्याआधी चेन थोडी उघडून बॅटरी सगळीकडे फिरवायची, डोळे चमकले तर आत थांबायचं. पहाटेची भटकंती पायी, एका रांगेत, मातकट कपड्यांत. काहीही झालं तरी पळायचं नाही. शेकोटीपाशी नावाडी गाणी म्हणतात आणि मग तुमची पाळी येते. एक ठेक्याचं गाणं तयार ठेवावं. भारूड किंवा कोळीगीत उत्तम, शब्द कळले नाहीत तरी टाळ्या बरोबर पडतात.

हा भाग आणि पुढचं चोबे मलेरियाचे. गोळ्या डॉक्टरांना विचारून वेळेवर सुरू कराव्यात आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्यात, बरेच जण घरी पोहोचल्यावर सोडतात.

दिवस 18: माकगाडीकगाडी

एकेकाळच्या अवाढव्य सरोवराचा खारट तळ. बघण्यासारखं काही नाही, क्षितिजापर्यंत खरंच काही नाही, आणि तेच बघायचं. ग्वेटाच्या आसपास बाओबाब, म्हणजे आपली गोरखचिंच. फळाचा आंबट गर पाण्यात कालवून सरबत होतं, बाजारात कोरडा गर मिळतो.

दिवस 19 आणि 20: चोबे

नाटा ते कासाने या 300 किलोमीटरच्या डांबरी रस्त्यावर हत्ती आडवे येतात, म्हणून अंधारात गाडी चालवत नाहीत. 2022 च्या पाच देशांच्या गणनेत बोट्स्वानात सुमारे 1 लाख 32 हजार हत्ती मोजले गेले. चोबेत सकाळी उघडी जीप आणि दुपारी होडी घ्यावी, उलट नको: तीननंतर कळप पाण्यावर उतरतात. लहान होडी मागावी, मोठीवर सगळे एका बाजूला धावतात. पिल्लं पोहताना सोंड नळीसारखी वर धरतात, थकली की आईच्या अंगाला टेकतात. झांबेझीला मोठा पूर असला की चोबे नदी चक्क उलटी वाहते. पहाटेच्या जीपमध्ये वाळवंटातलीच थंडी वाजते, मफलर आणि कानटोपी पिशवीच्या तळाशी टाकू नये.

दिवस 21: मोसी-ओआ-तुन्या

झिम्बाब्वेच्या बाजूला अमेरिकी डॉलर चालतात, पण फाटक्या नोटा नाकारतात आणि सुटे मिळत नाहीत. एक आणि पाचच्या कोऱ्या नोटा न्याव्यात. मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे 'गरजणारा धूर', हे व्हिक्टोरिया फॉल्सचं स्थानिक नाव अचूक आहे. शहरातूनच ढग दिसतो आणि आवाज आधी छातीत जाणवतो. एप्रिलमध्ये इतका तुषार असतो की धबधबाच दिसत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाकडचा कडा जवळजवळ कोरडा. जुलै-ऑगस्ट मधला काळ. तरी आपला पावसाळी रेनकोटच घ्यावा, छत्रीचा उपयोग नाही, खालून भिजतो.

पश्चिम टोकाला डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचा पुतळा आहे. 1855 मध्ये त्याने हा धबधबा पाहिला. त्या पुतळ्यापाशी मराठी माणसाने एक गोष्ट आठवावी. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूरला मिशनमध्ये शिकत होती. 1866 मध्ये निघालेल्या लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत त्यांतली काही मुंबईहून सामील झाली. 1873 मध्ये आजच्या झांबियात तो वारला तेव्हा त्याच्या आफ्रिकन साथीदारांनी शव वाळवून महिनोनमहिने चालत किनाऱ्यापर्यंत नेलं. त्यांच्यातला जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला होता. झाडावर मृत्यूची नोंद त्याने कोरली आणि 1874 मध्ये तो शवासोबत लंडनपर्यंत गेला. पुतळ्याखाली या साथीदारांची नावं शोधत थांबलं की तुषारांनी कपडे पुन्हा भिजतात, कोरडा सदरा परतीच्या पिशवीत वरच ठेवावा.